अनुभव धागा: बापानं लपवलेलं कर्ज आणि लेकरं

धुरा
पोळा तोंडावर आला की रिकाम्या गोठ्याच्या घरात बाप लेकरांच्या नजरेला नजर देत नाही. बैल का विकले ते सांगितलेलं नसतं. काल गावात तेच पाहिलं न् जुनं सारं वर आलं. घरच्या गोष्टी राहू द्या. अशा बापाला बोलतं कसं करायचं, लेकरांना काय सांगायचं, पक्कं माहीत असेल ते लिहा.

आशाताई
मोठा फीचे पैसे मागणं सोडते. लहान्याचं पोट शाळेच्या वेळेलेच दुखते. बाप आज उगाच खेकसते न् उद्या जिलबी आणते. लेकरू समजते, माह्यामुळंच बाबा चिडले. कर्जापेक्षा हेच खोल जाते.
आठ-दहा वर्षांच्याले एवढंच सांगा: पैशाची अडचण आहे, तुह्यामुळं नाही, आम्ही मार्ग काढून राहिलो. दहावी-बारावीच्याले आकडा सांगा. "आईले सांगू नको" हे ओझं कोणत्याच लेकरावर टाकू नका, न् हप्ता घेऊन पोराले सावकाराकडं धाडू नका.

वणीवाला
पहिले कागद. डिजिटल सातबारा १५ रुपयांत मोबाइलवर निघते. त्यातला 'इतर हक्क' रकाना पहा, बँक-सोसायटीचा बोजा तिथं असते. कृषी केंद्राची उधारी, सोनेतारण, बचत गटाचा हप्ता, दुसऱ्यासाठी घेतलेली जामीनकी तिथं सापडत नाही. सातबारा कोरा म्हणून निर्धास्त होऊ नका.
मग एका कागदावर कोणाचे, मुद्दल किती, व्याज किती, कधी द्यायचे. लिहू द्या बापालेच. पोरगा तपासाले बसला की बाप आरोपीवानी बसते न् अर्धं गाळते.

कारंजेकर
+१. जेवताना तर कर्जाचा विषय काढूच नका. वावरात, हातात काम असताना. "किती झालं?" नको, "पहिले कोणाचं देऊ?" विचारा.

पुसदची
धुरा दादा, वाचून जीव गलबलला. गोठ्यावरून आठवलं, तान्ह्या पोळ्याले लाकडी बैल कुठं चांगले भेटतात? भाच्याले पाहिजे.

वणीवाला
ताई, वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे गावचा तान्हा पोळा मोठा असते, तिकडं पहा.

कचेरी
पोरांची एक भीती काढून टाका. बापाचं कर्ज पोराच्या पगारातून वसूल होत नाही, वारसाची जबाबदारी वारशात आलेल्या मालमत्तेपुरती. पोरगा स्वतः सहकर्जदार किंवा जामीनदार असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून कशावर सही केली ते आधी पहा. वडिलांचं ऋण फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य, एवढ्याच आधारावर ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जासाठी न्यायालय वसुली मान्य करत नाही.
सावकाराचं: शेकडा ५ महिना म्हणजे वर्षाला ६० टक्के. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा, २०१४ प्रमाणे मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. कर्जापोटी खरेदीखत करून घेतलेली जमीन परत मागता येते, कलम १८, मुदत १५ वर्षे. शरमेपायी बाप गप्प बसतो न् तीच मुदत निघून जाते.

आशाताई
अजून एक, महत्त्वाचं. बाप जेवण सोडते, रात्रीचा उठून बसते, देणंघेणं निरवानिरव केल्यासारखं बोलते, तर फवारणीच्या डब्या त्याच दिवशी घरातून हलवा. पेटीत कुलूप लावून, चावी दुसऱ्याजवळ. एकट्याले सोडू नका. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात. मरायचा विचार येते का, हे सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही.

पुसदची
हे सेव्ह केलं ताई. कचेरी भाऊ, खरेदीखत नसन, कोऱ्या स्टॅम्पवर सही घेतली असन तर?

कचेरी
तरी अर्ज करा, तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकाकडे. स्टॅम्पची झेरॉक्स नसली तर साक्षीदारांची नावं, पैसे दिल्या-घेतल्याच्या तारखा, फोनवरचे मेसेज. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय निघू नका.