हेडरेस्ट शेवटच्या खाचेला अडकतं, पुढे निघत नाही. बुशमधलं बारीक भोक कशासाठी?

वर्धारोडकर
गाडी हॅचबॅक, २०१७ची. सीट कव्हरं आणली आहेत, घरीच चढवायची आहेत. पुढच्या दोन्ही सीटांना एका दांडीच्या बुशवर (दांडी पाठीत शिरते ती प्लास्टिकची नळी) बटण आहे. ते दाबून ओढलं की हेडरेस्ट वर येतं आणि शेवटच्या खाचेला अडकून बसतं. दुसऱ्या दांडीच्या बुशला बटण नाही, फक्त टाचणी जाईल एवढं भोक आहे. जुनं रेक्झिनचं कव्हर बुशच्या कडांवरून घट्ट ताणलेलं आहे. मागची हेडरेस्ट ओढली तर छताला लागतात. नागपुरात सीताबर्डीच्या एका दुकानात विचारलं तर म्हणाले, "जोर लावा, निघून जाते." लावायचा का जोर? बसवताना काय बघायचं? मागे लेकराची चाइल्ड सीट बसवायची आहे, तिलाही हेडरेस्ट आडवं येतं.

पाना_दहा_नंबर
जोर लावू नका भाऊ. हेडरेस्टला बऱ्याच गाड्यांत दोन कुलपं असतात. बटणवालं उंचीचं, आणि भोकवालं हेडरेस्ट हातात निघून येऊ नये म्हणून. तुमचं दुसरं कुलूप बंद आहे, एवढंच.

आधी आतली रचना समजून घ्या. बुशच्या आत आडवी स्प्रिंगची तार असते, ती दांडीच्या खाचेत बसते. खाचांची खालची कड उतरती असते, म्हणून बऱ्याच गाड्यांत बटण न दाबताही हेडरेस्ट टक्‌टक् करत वर जातं. वरची कड काटकोनात असते, म्हणून खाली आणायला बटण लागतं. सगळ्यात खालच्या खाचेच्या दोन्ही कडा सरळ असतात, तिथेच तुमचं अडतंय. वर ओढून धरलं की तार त्या कडेवर दाबली जाते, मग बटण कितीही दाबा, तार सरकत नाही. लोक इथेच बटण मोडतात.

म्हणून क्रम असा ठेवा. सीटची पाठ थोडी मागे झुकवा. कव्हर बुशवर चढलं असेल तर बोटाने मागे सारून बटण आणि भोक मोकळं करा. हेडरेस्ट शेवटच्या खाचेपर्यंत आणा आणि तिथून दोन-तीन मिलिमीटर खाली दाबा, म्हणजे तारेवरचा ताण जातो. आता एकाने बटण दाबून धरायचं, दुसऱ्या हाताने भोकात सरळ केलेली पेपर क्लिप किंवा मोबाइलची सिम काढायची पिन सरळ आत घालायची. स्प्रिंग दबल्याचं हाताला कळतं. भोसकायचं नाही, तिरपी घालायची नाही. दोन्ही दाबलेलं असताना दुसऱ्या माणसाने दोन्ही दांड्या सारख्या वर उचलायच्या. एका बाजूने उचललं की दांडी बुशमध्ये तिरपी होऊन फसते. एकट्याने करायचं म्हणजे तिसरा हात लागतो, घरातल्या कुणाला तरी हाक मारा.

तरीही नाही निघालं तर बुश पक्कडीने उपटू नका. त्याच्या जिभा पाठीच्या आतल्या लोखंडी नळीत अडकलेल्या असतात. त्या सोडवायला कव्हर मागून उघडून खालून चिमटाव्या लागतात. वरून उपटलं की जिभा तुटतात आणि हेडरेस्ट कायमचं डुलत राहतं.

आणखी एक. मे महिन्यात दुपारी उन्हातल्या गाडीवर हे काम करू नका. आपल्याकडे पारा ४५च्या वर असतो तेव्हा काचेमागच्या दांड्या हाताला चटका देतात. सकाळीच उरका.

संत्रानगरी_ड्रायव्हर
मागच्या हेडरेस्टसाठी वेगळी युक्ती नाही. पाठ घडी होत असेल तर अर्धी पुढे पाडा, छत आपोआप मोकळं होतं. पाठ घडी न होणारी सेडान असेल तर दांड्या मागच्या काचेवर घासतात. काचेवर डिफॉगरच्या (वाफ घालवणाऱ्या) तारांच्या रेघा असतील तर आधी टॉवेल लावा. एक रेघ खरवडली की ती ओळ गरम होणं बंद.

चहा_आणि_क्लच
हेडरेस्ट काढता येतं ते काच फोडून बाहेर पडायला. कंपनीने त्यासाठीच दांड्या टोकदार दिल्यात. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आहे.

पाना_दहा_नंबर
काहून अशा गोष्टी पसरवता राजेहो! तुमच्याच गाडीचं हेडरेस्ट काढून दांड्यांची टोकं बघा, बहुतेक गोल केलेली असतात, बुशमध्ये सहज शिरावीत म्हणून. हेडरेस्ट निघतं ते सीट घडी करायला, कव्हर घालायला आणि दुरुस्तीला. बाजूची टफन काच कोपऱ्यात कठीण टोक लावून फुटू शकते, पण समोरची काच लॅमिनेटेड असते, ती नुसती तडकते. अडचणीच्या वेळी दोन कुलपं उघडत बसणार का? काच फोडायचं छोटं हत्यार हाताशी ठेवा.

आता बसवण्याबद्दल, वर राहून गेलं. उंचीच्या खाचा असलेली दांडी बटणाच्या बुशमध्ये गेली पाहिजे. हेडरेस्ट उलटं घातलं की खाच भलत्या बाजूला जाते, तार बसत नाही आणि उशी मागे झुकलेली दिसते. सरळ बसवल्यावर ती डोक्याकडे, म्हणजे पुढे झुकते. बटण दाबून दोन्ही दांड्या एकदम घाला, सोडा, टक् आवाज येईपर्यंत खाली न्या. मग दोन्ही हातांनी कसून वर ओढून बघा. निघून आलं तर बसलेलंच नाही. पुढचं आणि मागचं अदलाबदल करू नका. दांड्यांची लांबी, जाडी आणि दोघींमधलं अंतर वेगळं असू शकतं.

नव्या कव्हरचं खरं दुखणं बुशसाठी कव्हरला कापायच्या भोकात असतं. भोक लहान कापलं तर रेक्झिन बटणावर चढतं, बटण अर्धं दाबलेलं राहतं आणि तार खाचेत पूर्ण जात नाही. हेडरेस्ट वर करून ठेवलं तरी खड्ड्यात आपोआप खाली येतं आणि लोक बुश खराब म्हणून बदलायला काढतात. आधी लहान फुली कापा, बुशची कड वर येते का बघा, मग गरजेपुरतं वाढवा. एकदम मोठं कापलं तर तिथून फोम दिसतो. सीटच्या कडेला एअरबॅगचं लेबल असेल तर त्या शिवणीवर साधं कव्हर चढवू नका, एअरबॅगसाठी मुद्दाम कच्ची शिवण दिलेलं घ्या.

आई_गाडीत_मागे
चाइल्ड सीटबद्दल. पुढे तोंड असलेल्या सीटची पाठ गाडीच्या पाठीला टेकली पाहिजे. हेडरेस्टमुळे मध्ये फट राहत असेल तर आधी ते पूर्ण वर करून बघा. तरी आडवं आलं तर काढा, पण गाडीचं आणि चाइल्ड सीटचं, दोन्ही मॅन्युअल वाचून. बिनपाठीचा बूस्टर (मुलाला उंच बसवणारी नुसती बैठक) असेल तर मात्र हेडरेस्ट अजिबात काढायचं नाही, मुलाच्या डोक्यामागे तेवढाच आधार असतो.

काढलेलं हेडरेस्ट मागच्या काचेखालच्या फळीवर ठेवू नका. समृद्धीवर १२०च्या वेगात ब्रेक लागला तर ते लोखंडी दांड्यांसकट पुढे येतं. डिकीत, सामानाखाली दाबून ठेवा. चाइल्ड सीट काढली की त्याच दिवशी परत लावा. मागून धडक बसली की सीट अंगाला पुढे ढकलते, डोकं मागे राहतं आणि मान झटक्यात वाकते. हेडरेस्ट असतं ते त्यासाठी, झोप काढायला नाही. त्याचं वरचं टोक डोक्याच्या टोकाच्या बरोबरीने हवं. उंच माणसाला तेवढं पुरत नसेल तर ६ सेंटीमीटरपेक्षा खाली नको. डोक्यामागची फट १० सेंटीमीटरच्या आत. पाठ जास्त झुकवून बसलं की ही फट वाढते.

मागचं हेडरेस्ट पूर्ण खाली असताना काही गाड्यांत खांद्याला टोचतं. ते मुद्दामच. बसणाऱ्याने वर करावं म्हणून.

वर्धारोडकर
निघालं! खाली दाबून मग पिन घातली, एका दमात आलं. कव्हरं चढली. पण आता बाजूच्या सीटचं हेडरेस्ट रिकाम्या गाडीत खडखड करतं, कुणी बसलं की गप्प. आणि ड्रायव्हरच्या सीटचं एक बटण जड चालतं.

पाना_दहा_नंबर
बसल्यावर गप्प होतं म्हणजे दांडी आणि बुशमध्ये फट आहे, डोक्याचा भार पडला की ती बंद होते. आधी एक खाच वर-खाली करून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच थांबतं. नाही थांबलं तर उंचीच्या खाचा नसलेल्या दांडीवर, बुशच्या आत राहील अशा जागी, पातळ फेल्टची चिकटपट्टी एकच वेढा लावा. खाचांवर नाही. दोन वेढे दिले तर दांडी शिरायचीच नाही. तरी खडखड राहिली तर बुश बदला, गाडीचं मॉडेल आणि पुढची सीट की मागची हे सांगूनच मागा.

जड बटणाला तेल नको. तेलावर धूळ बसून महिन्याभरात चिखल होतो आणि नव्या कव्हरवर डाग पडतो तो वेगळा. हेडरेस्ट काढा, बुशमध्ये व्हॅक्यूमचं नळकांडं लावून जुन्या रेक्झिनचे तुकडे आणि फोमचा भुगा ओढून घ्या. दांड्या कोरड्या कपड्याने पुसा. मग सिलिकॉन स्प्रे कपड्यावर मारून तो दांडीवर फिरवा, थेट बुशमध्ये मारू नका. एवढं करूनही बटण परत वर येत नसेल तर आतली तार वाकलेली असू शकते. ते हेडरेस्ट वापरात ठेवू नका, बुश मिळेपर्यंत त्या सीटवर कुणाला बसवूही नका. ड्रायव्हरचीच सीट आहे म्हणून सांगतो, बुश आजच शोधायला लागा.