चौतिसाव्या वर्षी मार्शल आर्ट्स सुरू करायचंय, क्लास कसा निवडू?

सुस्त मांजर:
नमस्कार मंडळी. वय ३४, नोकरी दिवसभर बसून, व्यायामाच्या नावाने बोंब, दोन मजले चढले की धाप लागते. जिमचा कंटाळा येतो म्हणून मार्शल आर्ट्सचं डोक्यात आलंय, व्यायाम पण होईल आणि वेळ आलीच तर निदान हातपाय गारठणार नाहीत. मला जमण्यासारखे तीन क्लास आहेत, एक कराटेचा, एक जुडोचा, आणि एका ठिकाणी किकबॉक्सिंग नि ब्राझिलियन जिउ-जित्सू (जमिनीवरची कुस्तीसारखी झटापट) दोन्ही. तिघंही म्हणतात आमचंच बेस्ट. कराटेवाले सर म्हणाले दोन वर्षांत ब्लॅक बेल्ट नक्की. किकबॉक्सिंगवाल्यांकडची रिंग बघूनच माझी टरकली. स्वसंरक्षणाला कोणती स्टाईल चांगली ते सांगा ना प्लीज.

बर्फाची पिशवी:
ताई, स्टाईलचं नंतर बघू. आधी तिन्हीकडे एकेक अख्खा क्लास बाजूला बसून बघा, आणि जो बघू देत नाही तो तिथेच कटाप. सरांच्या उड्या बघू नका, त्यांना त्या येणारच, महिन्याभरापूर्वी आलेला माणूस शोधा आणि त्याच्यावर नजर ठेवा. तो कोपऱ्यात एकटाच हवेत ठोसे मारत सुटलाय की कोणी जुनं पोरगं त्याच्यापाशी थांबून मुठीत दाबलेला अंगठा बाहेर काढून दाखवतंय? आणि शेवटची वीस मिनिटं चुकवू नका हां. तोपर्यंत वॉर्म-अप, लाथा, मोजणी, सगळीकडे सारखंच दिसतं. शेवटी जोड्या लावतात का, आणि समोरचा खरोखर अडवत असताना शिकवलेलं लागतं का, ते बघायचं. जुडोत याला रांदोरी म्हणतात, जिउ-जित्सूवाले रोलिंग, बाकीचे स्पॅरिंग. एकजण हात पुढे करून पुतळ्यासारखा उभा आणि सर त्याला दर वेळी आपटतायत, एवढंच चाललं असेल तर ती नाटकाची तालीम झाली.
मी जुडोवाला, त्यामुळे माझं मत एकतर्फी धरा. पण आमच्याकडे सुरुवातीला नुसतं पडायलाच शिकवतात, हनुवटी छातीला चिकटवायची, हात सपाट मॅटवर आपटायचा, डोकं टेकवायचं नाही. मला जाम कंटाळा आला होता त्याचा. मग एकदा ओल्या पायऱ्यांवरून घसरलो आणि हनुवटी आपोआप आत गेली, ढुंगण शेकून निघालं पण डोकं वाचलं. माझ्या आयुष्यात आजवर उपयोगी पडलेलं स्वसंरक्षण एवढंच 😄

काता आणि कटकट:
वरच्या दादांचं बरंचसं पटतं पण पुतळा आणि नाटक म्हणून सगळं उडवू नका राव, सुरुवातीला समोरचा स्थिरच लागतो, नाहीतर शिकणार कसं. तक्रार तेव्हा करा जेव्हा वर्षभराने पण तो हलत नाही.
मी कराटेवाला आहे आणि तरी सांगतो, पहिल्याच दिवशी "दोन वर्षांत ब्लॅक बेल्ट नक्की" म्हणणाऱ्यापासून जरा जपून. लवकर बेल्ट मिळण्यात काही पाप नाही, शोदान, म्हणजे पहिला ब्लॅक बेल्ट, ही शेवटी पहिलीच पायरी, पण तुम्हाला मूठसुद्धा वळता येत नसताना कोणी तारीख कशी काय सांगतो? जिउ-जित्सूत ब्लॅक बेल्टला साधारण दहा वर्षं सहज जातात, त्यामुळे एकीकडच्या पट्ट्याची दुसरीकडच्याशी तुलना करण्यात पण अर्थ नाही. जिगोरो कानोंनी १८८२ मध्ये जुडो सुरू केलं, कमरेच्या पट्ट्यावरून दर्जा ओळखायची पद्धत त्यांच्याकडूनच आली, आणि आता काही ठिकाणी बेल्टच्या परीक्षा एवढ्या वारंवार असतात की शिकवणं हा जोडधंदा वाटावा. परीक्षा किती, फी वेगळी का, मधेच सोडलं तर पैशाचं काय, हे आधीच विचारून घ्या.
आणि कराटे कराटेत पण फरक असतो. क्योकुशिनमध्ये अंगावर पूर्ण ताकदीने मारतात पण तोंडावर ठोसा चालत नाही, टोकियो ऑलिंपिकमध्ये जे होतं ते पॉइंटचं, मार आवरता घ्यायचा. तुमच्याकडे कोणतं शिकवतात?

गुडघा गेला:
मी पहिल्याच आठवड्यात स्पॅरिंगला उभी राहिले, सर म्हणाले भीती जायला हवी. समोर माझ्यापेक्षा वीसेक किलो जास्तीचा माणूस, पाय अडकला, मी टॅप केलं (म्हणजे हाताने थोपटून "सोड" असं सांगितलं), त्याला कळलं नाही की कळवून घ्यायचं नव्हतं देव जाणे, गुडघ्यातून खट्ट आवाज आला. चार महिने पट्टी. सरांचं म्हणणं, असं होतंच. ते एक वाक्य ऐकलं आणि परत गेले नाही.
दुसरीकडे गेले तिथे पहिल्या दिवशी नखं बघितली, टॅप म्हटलं की त्याच क्षणी सोडायचं हे दोनदा सांगितलं आणि म्हणाले, "नको वाटेल तेव्हा नाही म्हणायचं, बाजूला बसून बघितलं तरी चालेल." मी अजून तिथेच आहे. हो, आणि मॅट पुसतात का ते पण बघा, नायटा एकाला झाला की सगळ्यांना वाटला जातो.

पळपुटा:
घरापासून जवळचा कुठला ते कोणीच विचारलं नाही. लांबचा बेस्ट क्लास तीन आठवड्यांत सुटतो, स्वानुभव.

सुस्त मांजर:
तिन्हीकडे बसून आले! कराटेवाल्यांना कोणतं कराटे विचारलं तर म्हणाले "सगळं मिक्स", आणि शेवटपर्यंत जोड्या लावल्याच नाहीत. जुडोचा क्लास आवडला पण सगळी पोरं विशीतली, माझ्या वयाचं एकच माणूस आणि तो पण खांद्याला टेप लावून. गंमत म्हणजे जिथल्या रिंगला घाबरले होते तिथेच एक चाळिशीच्या बाई एका नवीन मुलीला खाली धरून "आता सुटून दाखव" म्हणत होत्या, ती सुटत नव्हती, मग त्यांनी स्वतःचं कोपर जरासं सैल सोडलं, ती सुटली, मग परत थोडं घट्ट. असं पाच-सहा वेळा. मी घड्याळ बघायलाच विसरले. सोमवारी जिउ-जित्सूचा ट्रायल क्लास आहे, किकबॉक्सिंगचं पुढचं पुढे. नखं कापलीत.