‘डोपिंग’ला मराठीत काय म्हणावं? (संदर्भ: ग्राफीनवर सोन्याचे नॅनोकण)

धंतोलीकर: डोपिंग म्हणजे दुसऱ्या पदार्थाच्या मदतीनं एखाद्या पदार्थातले वीज वाहणारे वाहक मुद्दाम वाढवणं. त्यासाठी प्रयोगपुस्तिकेच्या एका मसुद्यात ‘भेसळ’ आहे, दुसऱ्यात ‘अपमिश्रण’. कोणता शब्द ठेवावा?

इतवारीकर: ‘भेसळ’ आधी काढा. भेसळ म्हणजे तिखटात विटेचा भुगा, माल हलका करणं. ‘अपमिश्रण’ सिलिकॉनला चालून जातं, काहून की तिथे फॉस्फरसचा अणू सिलिकॉनच्या अणूची जागा खरंच घेतो, साधारण ५० लाखांत एक. ग्राफीन म्हणजे कार्बनच्या अणूंची जाळी, तिची जाडीच मुळी एका अणूची. सोन्याचा कण त्या जाळीत शिरत नाही, वर बसतो. मिसळत काहीच नाही, फक्त इलेक्ट्रॉनची देवघेव होते.

धंतोलीकर: मग ‘मुलामा’? सराफ्यातला शब्द, कोणालाही कळेल.

सक्करदरावाले: मुलामा म्हटला की सलग थर डोळ्यांपुढे येतो. कण तसे एकमेकांना भिडले तर वीज ग्राफीनऐवजी सोन्यातूनच वाहू लागेल आणि ग्राफीनचा ट्रान्झिस्टर गेटला (वीज कमी-जास्त करणाऱ्या टोकाला) दाद देणार नाही. कण सुटेच हवेत.

कृती पाहा, शब्द तिथेच सापडेल. गोल्ड क्लोराइड नायट्रोमिथेनमध्ये विरघळवायचं: १० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे १० मिलिमोलर. ते ओल ओढतं, म्हणून कोरड्या पेटीत तोलायचं. नायट्रोमिथेन ज्वालाग्राही, ज्योतीजवळ नेऊ नका. मिनिटाला २,००० फेऱ्यांनी एक मिनिट फिरवून द्रावण पसरवायचं. सोन्याचा आयन ग्राफीनकडून इलेक्ट्रॉन घेतो आणि तिथल्या तिथे त्याचा कण बनतो. ग्राफीनमध्ये होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) उरतात, ते पी-प्रकारचं (होल जास्त असलेलं) होतं. थेंब तसाच वाळू दिला तर कण कडेला गोळा होतात आणि मधला भाग कोरा राहतो.

म्हणून माझं मत: ‘डोपिंग’ तसाच ठेवा, पुढे फोड करा. कण वर बसले तर ‘पृष्ठ-डोपिंग’, नायट्रोजन जाळीत घातला तर ‘जागाबदल-डोपिंग’. हा भेद रामन वर्णपटात (नमुन्यावरून विखुरलेल्या लेसर प्रकाशाच्या आलेखात) उघड दिसतो. जागाबदलात १३५० प्रति सेंटिमीटरजवळचं, जाळीतले दोष दाखवणारं डी शिखर वाढतं. नुसत्या पृष्ठ-डोपिंगमध्ये ते जवळपास तसंच राहतं, १५८० जवळचं जी शिखर मात्र जास्त आकड्याकडे सरकतं.

इतवारीकर: पटलं. मूळ डच शब्दातही बुडवण्याचा, रश्शाचा अर्थ आहे. ‘अशुद्धी’ त्यात नाहीच.

धंतोलीकर: आणि क्रियापद? ‘कण बसवले’ आणि ‘डोप केलं’ एकच धरायचं का?

सक्करदरावाले: मुळीच नाही. कण सूक्ष्मदर्शकात दिसले म्हणजे डोपिंग झालं असं नाही. डिरॅक बिंदू, म्हणजे गेटच्या ज्या व्होल्टेजला ग्राफीनमधून सगळ्यात कमी वीज वाहते तो, किती सरकला ते मोजा. ग्राफीन आणि गेट यांच्यामध्ये ३०० नॅनोमीटर सिलिकॉन ऑक्साइड असेल तर गेटच्या दर व्होल्टमागे चौरस सेंटिमीटरला सुमारे ७,२०० कोटी वाहक. बिंदू २० व्होल्ट उजवीकडे गेला तर जवळपास दीड लाख कोटी होल वाढले.

फसगत इथेच होते. हवेतली ओल, ग्राफीन ज्यावर वाढवतात ते तांबं विरघळवताना उरलेलं फेरिक क्लोराइड, ग्राफीन उचलायला लावलेल्या पीएमएमए प्लास्टिकचा अवशेष, यांनीही ग्राफीन पी-प्रकारचं होतं. आपल्याकडे मे महिन्यातली कोरडी हवा आणि जुलैतली दमट हवा यांत उघड्या नमुन्याचं मोजमाप बदलू शकतं. त्याच तुकड्याचा बिनासोन्याचा भाग त्याच दिवशी, जमल्यास निर्वातात मोजा. दोन्हींत फरक निघाला तरच ‘डोप केलेलं’ लिहा, नाहीतर ‘कण बसवलेलं ग्राफीन’ एवढंच.