मदत हवी आहे: कामठी छावणीतला बंगला आणि १९३४ च्या लष्करी मंजुरीचा माग

कन्हानकाठ

नमस्कार. कॅन्टोन्मेंटच्या जमिनी, ब्रिटिशकालीन लष्करी दप्तर किंवा अशा मिळकतींचे खटले यांतलं कुणाला माहीत असेल तर कृपया वेळ काढून वाचा. प्रश्न लांबलचक आहे, पण तुकड्यात सांगितला तर गुंता कळणार नाही.

कामठी छावणीत आमच्या पणजोबांनी १९३४ साली एक बंगला विकत घेतला. मागच्या वर्षी आजी गेली आणि वारसांची नावं लावायला बाबा, काका आणि आत्या अर्ज घेऊन गेले. जनरल लँड रजिस्टरमध्ये, म्हणजे जीएलआरमध्ये, मिळकत बी-३ वर्गात आहे. जमीनमालक म्हणून भारत सरकार, हक्काचा प्रकार 'ओल्ड ग्रांट' (जमीन सरकारची ठेवून तिच्यावर घर बांधायला दिलेली जुनी परवानगी), आणि ऑक्युपन्सी राइट्सचे, म्हणजे ताब्याच्या हक्कांचे, धारक म्हणून पणजोबांचं नाव. इथवर ठीक. पण आम्हाला सांगण्यात आलं की मूळ ग्रांट आणा, आणि १९३४ च्या विक्रीला ज्याने मंजुरी दिली त्याला तसा अधिकार होता हे दाखवणारा कागदही आणा.

आमच्याकडे काय आहे ते सांगते. एक नोंदणीकृत खरेदीखत, त्यात फक्त बंगला, आउटहाउस आणि कुंपणाची भिंत विकली आहे, जमीन नाही. एक 'अ‍ॅडमिशन डीड', त्यात पणजोबांनी लिहून दिलंय की जमीन सेक्रेटरी ऑफ स्टेट फॉर इंडिया इन कौन्सिल (लंडनचे भारतमंत्री) यांची आहे आणि ते मला मान्य आहे. आणि टाइप केलेलं एक पत्र, 'हस्तांतरास हरकत नाही' एवढ्याच मजकुराचं. सही वाचता येत नाही, खाली स्टेशनच्या, म्हणजे लष्करी ठाण्याच्या, कमांडिंग ऑफिसरकरिता असं आहे.

मी वाचून जे जुळवलंय ते असं. भोसले आणि इंग्रजांमधली सीताबर्डीची लढाई नोव्हेंबर १८१७ ची. कामठीची छावणी बसली १८२१ मध्ये, तेव्हा नागपूरचं राज्य भोसल्यांचंच होतं. ते खालसा झालं १८५४ मध्ये. म्हणजे पहिली तीसेक वर्षं ही छावणी दुसऱ्याच्या राज्यात उभी होती. मग १८५८ ला कंपनी गेली, १८६१ ला मध्य प्रांत झाला, १९३७ ला नवी घटना आली, १९४७, मग १९५६ ला आम्ही मुंबई राज्यात आलो. प्रत्येक वेळी जमिनीचा मालक कागदावर बदलला असणार. घर मात्र आहे तिथेच आहे, आणि आता त्या प्रत्येक बदलाचा पुरावा आमच्या घरच्यांकडे मागितला जातोय असं वाटायला लागलंय.

माझे प्रश्न: १९३४ साली छावणीतला बंगला विकायला संमती द्यायचा अधिकार नक्की कुणाचा? स्टेशन कमांडरचा, कॅन्टोन्मेंट बोर्डाचा, नागपूरच्या प्रांतिक सरकारचा की दिल्ली-सिमल्याच्या आर्मी डिपार्टमेंटचा? मूळ ग्रांट कुठल्या दप्तरात शोधायची? आणि ती मिळालीच नाही तर?

घाई यासाठी की छावण्यांचे नागरी भाग शेजारच्या नगरपालिकांकडे द्यायची हालचाल देशभर सुरू आहे. हिमाचलमधली खास योल २०२३ मध्ये गेली. आमच्याकडे पुन्हा कार्यालयं बदलण्याआधी बाबांच्या हयातीत ही नोंद व्हावी एवढीच इच्छा आहे. त्यांचा जन्म त्याच घरातला.

जुनेकागद

कन्हानकाठ, तुमची जुळणी चांगली आहे. एक महत्त्वाची गोष्ट मात्र तुमच्या यादीत नाही. कामठीला मद्रास आर्मी होती.

महाराष्ट्रात आज सात छावण्या आहेत आणि सगळ्यांना एकच कायदा लागू आहे, म्हणून त्यांचा भूतकाळही एकच असेल असं लोक धरून चालतात. पुणे, खडकी, अहमदनगर ही मुंबई आर्मीची ठाणी. औरंगाबाद हैदराबाद कंटिंजंटचं, म्हणजे निजामाच्या खर्चाने पोसलेल्या फौजेचं. कामठी मद्रासचं. बंगाल, मुंबई आणि मद्रास या तिन्ही इलाख्यांच्या फौजा वेगळ्या, त्यांचे सरसेनापती वेगळे, आणि छावणीत कुणाला घर बांधू द्यायचं याचे हुकूमही वेगळे. 'ओल्ड ग्रांट' म्हटलं की जो तो १२ सप्टेंबर १८३६ चा गव्हर्नर जनरलचा १७९ क्रमांकाचा हुकूम पुढे करतो. तो बंगाल आर्मीचा. मुंबईचा त्याच्याही आधीचा, १८२७ चा. तेव्हा तुमच्या रजिस्टरच्या शेऱ्यात कुठला हुकूम लिहिलाय ते आधी बघा. कुणी सवयीने १८३६ लिहिलं असेल तर तेही कळायला हवं.

आता अधिकार कसा सरकला ते. १८५८ च्या कायद्याच्या ३९ व्या कलमाने कंपनीची सगळी स्थावर-जंगम मालमत्ता राणीकडे गेली, हिंदुस्थान सरकारच्या कामासाठी वापरायची या अटीवर. कंपनी आणि तिच्यावर देखरेख करणारं लंडनचं बोर्ड ऑफ कंट्रोल यांचे अधिकार सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे गेले. दावा लावायचा किंवा करार करायचा तर नाव 'सेक्रेटरी ऑफ स्टेट इन कौन्सिल'चं. तुमच्या अ‍ॅडमिशन डीडमध्ये ते नाव आहे, म्हणजे कागद त्या काळाला धरून आहे. पण जुने हुकूम त्या दिवशी रद्द झाले नाहीत. मालक बदलला, अटी तशाच राहिल्या. पुढच्या प्रत्येक बदलात हेच झालं, आणि तुमच्या प्रश्नाचं मर्म इथे आहे.

१८९५ मध्ये तिन्ही इलाख्यांच्या फौजा मोडून एक हिंदुस्थानी सेना झाली. मद्रास आणि मुंबईचे सरसेनापती संपले. म्हणजे ज्या मद्रासच्या सेनापतीच्या हुकमाखाली कामठीत बंगल्यांना जागा मिळाली, तो हुद्दाच उरला नाही आणि त्याचे अधिकार वर सरकले. पण १८९५ आधीचं बरंचसं दप्तर मद्रासलाच राहिलं. मूळ परवानगीचा माग काढायचा तर चेन्नईला एग्मोरचं तमिळनाडू पुराभिलेखागार, तिथले मिलिटरी डिपार्टमेंटचे खंड. कंपनीच्या काळातली काही प्रकरणं लंडनला ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये निघतात. मुंबईला काळा घोड्याच्या पुराभिलेखागारात कामठीचं काही निघेल या आशेने जाऊ नका, तिथे मुंबई इलाख्याचं दप्तर आहे.

वकील_विदर्भ

वरचा प्रतिसाद इतिहास म्हणून उत्तम आहे, पण ताई, लगेच चेन्नईचं तिकीट काढू नका.

ओल्ड ग्रांटच्या बहुतेक प्रकरणांत तुम्ही समजताय तसा सहीशिक्क्याचा मूळ कागद कधीच नव्हता. अधिकाऱ्याने अर्ज केला, कमांडिंग ऑफिसरने जागा दाखवली, स्टेशनच्या वहीत नोंद झाली, घर उभं राहिलं. १८३६ च्या अटी तरी काय होत्या? जमीन सरकारची, ती विकता येणार नाही. एक महिन्याची नोटीस देऊन आणि परवानगीने बांधलेल्या इमारतीची किंमत देऊन सरकार जागा परत घेऊ शकेल. घर एका लष्करी अधिकाऱ्याने दुसऱ्याला द्यावं, त्याला आडकाठी नाही. फौजेबाहेरच्या माणसाला द्यायचं तर स्टेशनच्या कमांडिंग ऑफिसरची संमती हवी. आणि घेणारा 'नेटिव्ह' असेल व घराची किंमत ५,००० रुपयांच्या वर असेल तर थेट सरकारची मंजुरी हवी. ही शेवटची अट वाचताना आजही राग येतो. पण ती तुमच्या कामाची आहे: खरेदीखतातली किंमत बघा. ५,००० च्या आत असेल तर १८३६ चा हुकूम लावला तरी कमांडिंग ऑफिसरचं पत्र पुरेसं ठरतं.

मूळ ग्रांट नाही म्हणून घाबरू नका आणि फार आशाही धरू नका. सागर छावणीच्या सुरेंद्र कुमार वकील प्रकरणात १९९९ ला सर्वोच्च न्यायालयाने ग्रांटचा मूळ कागद समोर नसतानाही जीएलआरच्या नोंदीला वजन दिलं. त्या खटल्यात ते धारकाच्या विरुद्ध गेलं, कारण तो जमिनीवर मालकी सांगत होता. तुम्ही मालकी सांगतच नाही आहात. धारक म्हणून पणजोबांचं नाव त्याच नोंदीत आहे. ज्या रजिस्टरवर सरकार मालकीसाठी भिस्त ठेवतं, त्याच रजिस्टरमधलं धारकाचं नाव नाकारायचं तर त्यांना कारण द्यावं लागेल.

आणि हे १९३७ नंतर तयार झालेलं रजिस्टर असेल तर आणखी चांगलं. १९३७ च्या कॅन्टोन्मेंट लँड अ‍ॅडमिनिस्ट्रेशन रूल्सखाली पणजोबांचं नाव लागलं, याचा अर्थ तीन वर्षांपूर्वीची विक्री तेव्हा कुणीतरी तपासून मान्य केली होती.

कॅम्पातला

अधिकार कुणाचा या प्रश्नावर थोडं. १९२४ आधी छावणीत कॅन्टोन्मेंट मॅजिस्ट्रेट नावाचा लष्करी माणूस न्यायही करायचा आणि कारभारही बघायचा. १९२४ च्या कायद्याने ते तोडलं: बोर्डात निवडून आलेले लोक आले, कारभाराला एक्झिक्युटिव्ह ऑफिसर आला. पण जमीन बोर्डाकडे गेली नाही. रस्ते, बाजार असं जे बोर्डाचं झालं तो सी वर्ग. बी-३ सरकारकडेच. त्यामुळे १९३४ ला बोर्डाचा ठराव नसणं यात काही वावगं नाही. प्रांतिक सरकारचा तर संबंधच नव्हता, संरक्षण हे केंद्राचं खातं. १९३५ च्या कायद्याच्या १७२ व्या कलमाने १ एप्रिल १९३७ ला केंद्राची आणि प्रांतांची मिळकत वेगळी झाली तेव्हाही छावण्या केंद्राच्याच बाजूला राहिल्या. पुढे राज्यघटनेच्या २९४ व्या कलमाने भारत संघाकडे.

आमचंही बी-३ आहे, पुण्याला. रांगेत उभं राहून जीएलआरचा उतारा मिळाला नाही तो माहिती अधिकाराच्या अर्जावर मिळाला. अर्ज दोन करा, एक बोर्डाच्या सीईओकडे, एक डिफेन्स इस्टेट्स ऑफिसकडे, म्हणजे संरक्षण खात्याच्या जमिनी बघणाऱ्या कार्यालयाकडे. दोघांच्या प्रती वेगळ्या असू शकतात.

कन्हानकाठ

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. काल रात्री बाबांना सगळं वाचून दाखवलं. एग्मोरचं ऐकून ते म्हणाले की पणजोबांनी घर एका तमिळ कुटुंबाकडून घेतलं होतं, त्यांचे वाडवडील पलटणीबरोबर कामठीला आलेले. मद्रास आर्मीचं आता कळतंय.

खरेदीखत पुन्हा पाहिलं. किंमत ५,००० च्या बरीच आत आहे. उताऱ्यावर मात्र कुठल्याच हुकमाचा क्रमांक नाही, नुसतं 'ओल्ड ग्रांट'.

आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. विक्रेत्या कुटुंबाच्या नावावर घर कधी झालं ते नागपूरच्या नोंदणी कार्यालयात मिळेल का? आणि वारसनोंदीसाठीसुद्धा १९३४ ची मंजुरी पुन्हा सिद्ध करावी लागते का?

वकील_विदर्भ

दुय्यम निबंधक कार्यालयात सूची क्रमांक २ चा, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्तांच्या मिळकतवार सूचीचा, शोध घ्या. विक्रेत्याचं आडनाव आणि छावणी एवढ्यावर शोध लागतो, वर्ष अंदाजे असलं तरी चालतं. आधीचं खरेदीखत निघालं तर त्याच्या पहिल्या परिच्छेदात घर कुणाकडून आलं ते लिहिलेलं असतं, आणि बहुतेकदा तिथेच परवानगीच्या पत्राचा क्रमांकही मिळतो.

दुसऱ्याचं उत्तर: विक्री आणि वारसा या वेगळ्या गोष्टी आहेत. संमती लागते ती घर दुसऱ्याला देताना. तुमच्याकडे धारक मृत झाला आणि त्याच्या जागी वारस आले. तसं लेखी मागा: १९३४ ची मंजुरी कोणत्या नियमाखाली पुन्हा तपासली जातेय, नियमाचा क्रमांक द्या. अर्जाला पणजोबांपासून आजीपर्यंतचे आणि आजीपासून पुढचे मृत्यूदाखले, वारस प्रमाणपत्र आणि त्या तिन्ही जुन्या कागदांच्या साक्षांकित प्रती जोडा. मूळ अ‍ॅडमिशन डीड कुणाच्याही हातात देऊ नका, दाखवून परत आणा. लेखी उत्तर आलं की नावगाव झाकून इथे टाका, पुढचं बघू.