पुष्पमाला आणि दादरचा स्टुडिओ

अमेरिकन छायाचित्रकार सिंडी शर्मनने १९७७ ते ८० मध्ये सिनेमातल्या बायकांसारखं सजून स्वतःचे फोटो काढले. तेच भारतीय कलावंत पुष्पमाला एन. यांनी वीसेक वर्षांनी आपल्याकडे आणलं, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. दोघी स्वतःच वेगवेगळ्या बायका होऊन फोटोत उभ्या राहतात, एवढं साम्य खरंच आहे. पण शर्मन बहुतेक वेळा एकटीच काम करते. मूळच्या शिल्पकार असलेल्या पुष्पमाला दुसऱ्याच्या कॅमेऱ्यासमोर बसतात आणि तो दुसरा कोण, यातच अर्धं काम असतं. मुंबईत काढलेली त्यांची 'फँटम लेडी' ही फोटोमालिका जुन्या हिंदी स्टंटपटांची नायिका फिअरलेस नादिया हिच्या वाटेने जाते, हे बऱ्याच जणांना माहीत असेल. नवरसांवरची त्यांची फोटोमालिका मात्र या तुलनेत कुणी आठवत नाही. तिच्यासाठी त्या थेट दादरच्या इंडिया फोटो स्टुडिओत, जे. एच. ठक्कर यांच्याकडे गेल्या. हिंदी सिनेमातल्या नायिकांचे फोटो ज्यांनी काढले, त्यांनीच यांचेही काढले! तोच तीव्र प्रकाश, त्याच गडद सावल्या, वर सेपिया रंग. नायिका 'घडवणारा' हातच त्यांनी कामात ओढून घेतला. हे शर्मनमध्ये कुठे आहे?

माझ्या आईचा स्थळांना पाठवायला काढलेला फोटोही दादरच्याच एका स्टुडिओतला. मान तिरकी, नजर कॅमेऱ्याच्या पलीकडे, कानामागून येणारा उजेड. एरवी आई अशी कधीच बसत नसे. पुष्पमालांचे नवरस पाहताना मला पहिल्यांदा तोच फोटो आठवला, शर्मन नाही.