मदत हवी आहे: घंटागाडीत सुया येतायत, ग्रामसभेत काय मागायचं?

कृष्णाकाठ: पलूस तालुका. घंटागाडीत उघड्या सुया येतायत. शुक्रवारी ग्रामसभा. ठरावात काय लिहू? लवकर सांगा.

औषधवाला: कसल्या सुया? लाल-नारिंगी टोपणाच्या इन्शुलिनच्या असतील तर घरच्या. दवाखान्यातल्या असतील तर हब कटरनं (सुया कापायचं छोटं यंत्र) सुई आणि सिरिंजचं तोंड दोन्ही कापलेलं दिसायला हवं. अखंड जोडी आली की कुणीतरी धुऊन परत विकणार.

कृष्णाकाठ: अखंड. दोन आणि पाच मिलीच्या.

माणदेशी: कॅम्प लावा, अख्ख्या गावाची एचआयव्ही तपासणी.

सिस्टरताई: २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं तपासणीला ज्याची त्याची संमती लागते. आणि तपासून सुया थांबणारेत का? ठरावात मागा: हब कटर, सुयांसाठी पांढरा न टोचणारा डबा, बारकोड लावून कचरा उचलल्याची नोंद. प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सांगली कार्यालयाला. दवाखान्यात काय चालतं तेही बघा. सुई बदलतात, सिरिंज तीच. रक्त आत ओढलं गेलं की नव्या सुईचा उपयोग शून्य. सलाइनच्या बाटलीच्या बुचात सुई खोचलेली, दिवसभर तीच बाटली सगळ्यांच्या इंजेक्शनला, हेही तसंच.

दादा_विटेकर: दाढीच्या ब्लेडचं काय?

सिस्टरताई: नवं घ्यायला लावा. धागा सुयांचा आहे.

कृष्णाकाठ: गाडीवरच्या पोराला काल दुपारी टोचलीय, म्हणून तर विचारतोय.

सिस्टरताई: अहो, हे पहिल्या ओळीत सांगायचं ना! ठराव राहू दे, आत्ता निघा. सांगली किंवा मिरज सिव्हिल, अपघात विभाग. पीईपी गोळ्या (टोचल्यावर एचआयव्हीची लागण रोखायला देतात त्या) दोन तासांत उत्तम, ७२ तासांनंतर सुरू करत नाहीत. द्यायच्या का ते डॉक्टर ठरवतील. दिल्या तर २८ दिवस रोज. जागा साबण-पाण्यानं धुवा, पिळू नका, स्पिरिट नको. हिपॅटायटिस बीची लस आणि धनुर्वाताचं इंजेक्शन विचारा.

औषधवाला: वाळल्या सुईत एचआयव्ही टिकत नाही. उगाच घाबरवू नका.

सिस्टरताई: धोका कमी, मान्य. पण सिरिंजच्या पोटात रक्त लवकर वाळत नाही, आणि हिपॅटायटिस बी बाहेर सात दिवस तग धरतो. आजची तपासणी फक्त आधीची स्थिती सांगेल. पुढं सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी परत तपासायचं.

कृष्णाकाठ: निघतोय. सुई सोबत घेऊ?

सिस्टरताई: नको, सुई तपासत नाहीत. सिरिंजमध्ये रक्त दिसत होतं का, खोल टोचली का, तेवढं सांगा.

माणदेशी: कॅम्पचं बघा मात्र.