न्यू हॅम्पशायरच्या रॅटलस्नेकसाठी बाहेरून नर आणावेत का?

डोंगरउतार: अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात टिंबर रॅटलस्नेकची (शेपटी खुळखुळवणारा विषारी साप) एकच वस्ती उरली आहे. शेजारच्या वस्त्यांपासून तुटलेली, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या घरातल्या घरातच सोयरीक. जनुकीय विविधता साहजिकच कमी. त्यात २००६ साली धो धो पाऊस झाला, सापांच्या अंगावर बुरशीचे फोड उठले आणि वस्ती जवळपास निम्मी झाली.

माझं मत: दुसरीकडचे नर आणून सोडा. स्वीडनमध्ये स्मिगेहुकच्या अ‍ॅडर सापांची हीच गत होती. पिल्लं मेलेली किंवा व्यंग घेऊन जन्मायची. १९९२ मध्ये २० नर आणले, चार हंगाम ठेवले, उरलेले परत नेले. नंतर संख्या झपाट्याने वाढली.

खवलेकर: स्वीडनचा दाखला नेहमी येतो. तिथलं दुखणं सगोत्र लग्नांचं होतं. इथे बुरशीही आहे, आणि ती पाहुण्या नराच्या अंगावर बसूनही येईल. शिवाय टिंबरची मादी सात-दहा वर्षांची झाल्यावर कुठे पहिल्यांदा विते, मग दोन-तीन वर्षं विश्रांती. गुण आला की नाही हे कळायला दशक जाईल.

डोंगरउतार: म्हणूनच आज सुरू करा म्हणतोय! बुरशीसाठी आधी तपासणी आणि विलगीकरण करता येतं.

रानवाट: जनुकं राहू द्या बाजूला, आधी रस्त्याचं बोला. न्यूयॉर्क राज्यातल्या अभ्यासात दिसलंय की हिवाळी बिळांच्या मध्ये रस्ता आला की जनुकांची देवाणघेवाण घटते. आणि उचलून आणलेले मोठे टिंबर सैरभैर भटकतात, जास्त मरतात, हे ट्रान्समीटर लावून पाहिलेलं आहे. तुमचा जावई सासर सोडून पळणार.

डोंगरउतार: जावई :) बरं, मग मोठे नर नकोत, नुकती जन्मलेली पिल्लं सोडू. (हेही आपल्या घोणशीसारखे पिल्लंच घालतात, अंडी नाही.) पिल्लू मोठ्या सापाच्या वासामागे जाऊन हिवाळी बीळ शोधतं. त्याला जुनं घर आठवायचा प्रश्नच नाही.

खवलेकर: हे पटण्यासारखं आहे. पण पिल्लं मरतातही फार, तेव्हा बरीच लागतील. ती देणारी वस्ती तरी तेवढी धडधाकट हवी.

रानवाट: आणि गावकरी? मॅसॅच्युसेट्समध्ये क्वाबिन जलाशयातल्या बेटावर हेच साप सोडायची योजना २०१६ मध्ये बाहेर आली. साप पोहून काठावर येतील म्हणून एवढा गहजब झाला, की २०१७ मध्ये ती बासनात गेली. तिथे जनुकांपर्यंत चर्चा पोचलीच नाही.